बिलावर सही कुणाची?



गेले दोन लेख लोणच्या-पापडांवर झाले. आज जरा हिशेबाच्या वहीत डोकावूया. बी.कॉम. होऊन पुढची सगळी वर्षं स्वयंपाकघरात गेली, तरी ताळेबंद दिसला की माझे डोळे अजून तिकडेच वळतात. आमचे हे म्हणतात, तू लग्नपत्रिकासुद्धा बेरीज करत वाचतेस.

मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी तिने आम्हाला अटलांटिक सिटीला नेलं, समुद्र बघायला म्हणून. किनाऱ्याला लागून लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कॅसिनोंची रांग. बाथरूमसाठी म्हणून आम्ही एका कॅसिनोत शिरलो. दुपारचे दोन वाजले होते, पण आत खिडकी नाही, घड्याळ नाही, दिवस की रात्र काही कळत नव्हतं. स्लॉट मशीनसमोर बसलेल्यांत माझ्याच वयाच्या बायका बऱ्याच होत्या. एक आजी अंगात स्वेटर, मांडीवर पर्स, अशा बसल्या होत्या. जपमाळ ओढताना आपला हात जसा आपोआप चालतो, तसं त्यांचं बोट बटणावर पडत होतं. चेहऱ्यावर ना हर्ष ना खेद.

परतीच्या वाटेवर मुलगी म्हणाली, "आई, एका कॉलेजच्या सिस्टर इथे यायच्या म्हणे. कॉलेजच्या पैशांनी." मला आधी वाटलं, ही थट्टा करतेय. मग मी ते सगळं शोधून वाचलं. एकदा सुरुवात केली की मी थांबत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

कॉलेजचं नाव आयोना. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला न्यू रोशेल म्हणून गाव आहे, तिथे १९४० साली ख्रिश्चन ब्रदर्स या आयरिश धर्मसंघाने ते काढलं. आयोना हे स्कॉटलंडजवळचं एक बेट. सहाव्या शतकात सेंट कोलंबा या साधूने तिथे मठ बांधला, त्यावरून हे नाव. दिल्लीतली सेंट कोलंबाज शाळा, शाहरुख खान शिकला ती, याच ब्रदर्सची आणि याच साधूच्या नावाची. म्हणजे साध्या-सुध्या घरातल्या मुलांना शिकवायचं, हे ज्यांनी आयुष्यभराचं व्रत मानलं, त्यांची ही संस्था.

या कॉलेजच्या अर्थविभागाच्या उपाध्यक्षा एक कॅथलिक सिस्टर होत्या. त्यांचं नाव कोर्टाच्या कागदात आहे, वर्तमानपत्रांत तर फोटोसकट आलं. मी ते इथे लिहीत नाही. परनिंदा नको, आणि नावाने आपल्याला काही शिकायलाही मिळत नाही.

सिस्टर होताना तीन व्रतं घेतात: अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. आपल्या आर्यिका माताजींशी तुलना करू नका, त्यांचा त्याग फार वेगळा आणि फार पुढचा. तरी स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही, ही पहिली अट तिथेही आहे. नोकरीचा पगारसुद्धा सहसा संघाकडे जातो. अशा बाईच्या हाती तिजोरीची किल्ली द्यायला कोण कचरेल? मीसुद्धा दिली असती.

१९९९ ते २००९ या दहा वर्षांत कॉलेजचे साडेआठ लाख डॉलरहून जास्त पैसे गेले. तेव्हाच्या दराने आपले चार कोटी रुपये धरा. २००९ साली कॉलेजच्या लक्षात आलं आणि सिस्टरना पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. त्या वेळी मॅनहॅटनचे सरकारी वकील होते प्रीत भरारा, जन्माने आपल्या पंजाबातल्या फिरोजपूरचे. २०११ मध्ये सिस्टरनी गुन्हा कबूल केला. पैसे जुगारात गेले होते.

आता हे कसं झालं, ते बघा. मला खरा रस तिथेच आहे.

त्यांनी तिजोरी फोडली नाही, रात्री कुणी पोती भरून नेली नाहीत. दोनच वाटा होत्या. एक, पुरवठादारांची खोटी बिलं दाखवायची आणि 'हा खर्च मी कॉलेजसाठी केला, माझे पैसे परत द्या' असं म्हणून रक्कम उचलायची. दुसरी, क्रेडिट कार्डाचं बिल कॉलेजच्या खर्चात घालायचं, आणि त्यात स्वतःचा खर्च. बस्स. साडेआठ लाखांना दहाने भागा, वर्षाला पंच्याऐंशी हजार. त्याला बाराने भागा, महिन्याला सात हजार डॉलर. कोट्यवधी डॉलरची उलाढाल असलेल्या कॉलेजात महिन्याचे सात हजार म्हणजे आपल्या घरखर्चात कोथिंबिरीची जुडी. कुणाचं लक्ष जाणार?

ज्याचं जायला हवं होतं, त्या खुर्चीवर त्याच बसल्या होत्या. इथेच सगळी गोम आहे. आमचे कॉलेजातले सर फळ्यावर चार माणसं काढायचे. बिल आणणारा एक. ते मंजूर करणारा दुसरा. चेक लिहिणारा तिसरा. महिनाअखेरीस बँकेचं पासबुक आणि आपली वही जुळवणारा चौथा. सर म्हणायचे, संस्था लहान असेल तर चाराचे दोन करा, पण दोनाचा एक कधी होऊ देऊ नका. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं. पाच मार्कांचा प्रश्न असायचा.

आता एक माझं सांगते. हे आजवर कुठे लिहिलं नाही.

लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. कृष्णाकाठच्या आमच्या गावात मुलांचं एक बोर्डिंग होतं. खेड्यापाड्यातली आपली मुलं तिथे राहून शिकायची. ऑडिट जवळ आलं की खतावणी पूर्ण करायची धावपळ असे. सूनबाई बी.कॉम. आहे म्हटल्यावर त्या वर्षी वह्या आमच्या घरी आल्या. दुपारी भांडी आवरली की मी लिहायला बसे. धान्याची बिलं लावताना एक गोष्ट खटकली. एकाच दुकानाची सहा महिन्यांची बिलं, आणि त्यांचे नंबर ओळीने: ४१, ४२, ४३, ४४... दर महिन्याला एक बिल आणि नंबर लागोपाठ. म्हणजे त्या दुकानदाराने सहा महिन्यांत आमच्या बोर्डिंगखेरीज कुणाला चिमूटभर साखरही विकली नाही की काय? पेठेतलं दुकान ते!

खजिनदार म्हणजे गावातले एक वयस्कर अण्णा. पहाटे नदीवर अंघोळ, रोजचा अभिषेक, रात्रिभोजन नाही, कंदमूळ नाही. मी घाबरत घाबरत सासूबाईंना म्हटलं, "आत्या, ही बिलं जरा विचित्र दिसताहेत." त्यांनी बिलांकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "अगं, अण्णांवर संशय? चार माणसांत बोलू नकोस हो हे. आपल्या घराचं नाव जाईल." त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर वाटत होतं की संशय घेणं हेच पाप. मी गप्प बसले. खतावणी सुवाच्य अक्षरात पूर्ण केली. 'सूनबाईचं अक्षर मोत्यासारखं आहे' असं अण्णांनी स्वतः येऊन सांगितलं.

तीन वर्षांनी सगळं बाहेर आलं. गावात बोभाटा नको म्हणून पोलिसात कुणी गेलं नाही. अण्णांनी थोडे भरले, बाकीचे सोडून दिले. खड्डा भरायला बोर्डिंगची फी वाढवली आणि त्या जूनमध्ये दोन मुलं शाळा सोडून शेतावर परत गेली. त्यातल्या एकाची आई आमच्याकडे ज्वारी निवडायला यायची. तिने मला कधी काही विचारलं नाही. विचारणार तरी काय? तिला त्या नंबरांचं कुठे माहीत होतं. मला माहीत होतं.

तर आयोनाच्या खोट्या बिलांबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ४१, ४२, ४३ आले.

"साधू-साध्वी अशा कशा वागतात?" असा प्रश्न बायका लगेच विचारतात. डोनाल्ड क्रेसी नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने याच्याशी जुळणारा प्रश्न तुरुंगात जाऊन विचारला होता. विश्वासाने सोपवलेल्या पैशांची अफरातफर करून शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी तो बोलला आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला आढळलं, की हे लोक मुळात चोर म्हणून नोकरीला लागलेलेच नव्हते. प्रत्येकाला आधी काही तरी अडचण आली होती, आणि ती अशी की कुणाला सांगायची सोय नव्हती. मग संधी दिसली. आणि मग मनाशी एक वाक्य तयार झालं: उसने घेतोय, परत टाकीन.

त्या 'कुणाला सांगायची सोय नव्हती' पाशी मी बराच वेळ थांबले. जिला सगळे पवित्र समजतात, तिला जुगाराचा नाद लागला तर ती कुणाच्या दाराशी जाणार? साध्या बाईला निदान बहीण असते, शेजारीण असते. आपण जिला उंच पाटावर बसवतो, तिला खाली उतरायला पायरी ठेवत नाही. सात व्यसनांत जुगाराचं नाव पहिलं का, हेही मला तेव्हा नीट उमगलं. दारू तोंडाला वास आणते, हे व्यसन वर्षानुवर्षं कुणाला दिसतच नाही.

म्हणून दोष नाही असं नव्हे. फी भरणारे आईबाप होतेच की.

ही एकच सिस्टर असती तर मी अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स गावी सेंट जेम्स नावाच्या कॅथलिक शाळेतही हेच झालं. तिथल्या मुख्याध्यापिका, त्याही सिस्टर, अठ्ठावीस वर्षं शाळा सांभाळत होत्या. २००८ ते २०१८ या दहा वर्षांत ८ लाख ३५ हजार डॉलर त्यांनी वळवले. फी आणि देणग्यांचे पैसे त्यांच्या हातात येत. शाळेची दोन खाती त्यांच्याच ताब्यात होती, त्यातलं एक सिस्टरांच्या राहण्याखाण्याच्या खर्चाचं. शाळेच्या मुख्य खात्याऐवजी पैसे या खात्यांकडे जायचे आणि तिथून कॅसिनोत. सापडलं कसं? एका कुटुंबाने शाळेकडे आपल्या जुन्या चेकची प्रत मागितली. प्रत काढणाऱ्याने चेक उलटा करून पाहिला, तर तो भलत्याच खात्यात जमा झालेला. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी चेकची मागची बाजू बघितली! २०२२ मध्ये त्यांना एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली, तेव्हा वय होतं ८०. पालकांत दोन तट पडले. कुणी म्हणे इतकी वर्षं मुलांना घडवलं, माफ करा. कुणी म्हणे आम्ही दुसरी नोकरी करून फी भरत होतो. दोघांचंही मला पटतं, आणि म्हणून त्रास होतो.

आता ज्या माणसाबद्दल लिहायचं म्हणून खरं तर मी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येते.

मिशिगन राज्यात स्प्रिंग आर्बर नावाचं कॉलेज आहे, फ्री मेथडिस्ट पंथाचं. लहान गाव, लहान कॉलेज, सगळे एकमेकांना ओळखणारे, प्रार्थनेला एकत्र बसणारे. १९९१ मध्ये तिथे अल्बर्ट मेयर नावाचे प्राध्यापक आले, मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. शिकवायचे अकाउंट्स, आणि जोडीला कॉलेजच्या ऑफिसात हिशेब लिहायचंही काम करायचे. १९९३ मध्ये वह्या लिहिताना त्यांना एक नोंद दिसली: २ लाख ९४ हजार डॉलर एका फाउंडेशनला दिले. लहान कॉलेजच्या मानाने ही रक्कम फार मोठी. मेयर यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की या पैशांचा रस्ता न्यू इरा नावाच्या संस्थेकडे जातो.

पूर्ण नाव फाउंडेशन फॉर न्यू इरा फिलान्थ्रॉपी. फिलाडेल्फियाजवळ जॉन बेनेट या गृहस्थाने १९८९ मध्ये काढलेली. बेनेट स्वतः धार्मिक, देणगीदारांच्या वर्तुळात मानाचं पान. त्याचं सांगणं असं: काही फार श्रीमंत लोक आहेत, त्यांना नाव न सांगता दान करायचं आहे. तुम्ही धर्मसंस्था, कॉलेजं, तुमचे पैसे माझ्याकडे काही महिने ठेवा. ते दाते तितकीच भर घालतील आणि तुम्हाला दुप्पट परत मिळेल.

आणि मिळत होतं हो! पहिल्यांना खरंच दुप्पट मिळालं. मग त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. शेकडो चर्च, ख्रिस्ती कॉलेजं, मिशन संस्था यात आल्या. लॉरन्स रॉकफेलर आणि अमेरिकेचे माजी अर्थमंत्री विल्यम सायमन यांच्यासारख्यांनीही आपलं दान न्यू इरामार्फत केलं. अर्थमंत्री ज्यात आहे त्यात खोट कोण काढणार?

मेयर यांनी काढली. त्यांचा प्रश्न अगदी आपल्या पद्धतीचा होता. दात्याला द्यायचंच आहे तर तो थेट का देत नाही? माझे पैसे सहा महिने तुझ्याकडे का अडकवून ठेवायचे? आपल्याकडे कुणी 'पाच तोळं सोनं द्या, दहा तोळं करून आणतो' म्हणत दारात आला तर आपण कडी लावतो. तोच माणूस मंदिराचं पत्र घेऊन आला की आपली कडी लागत नाही.

मेयर यांनी एक फाइल उघडली आणि कागद जमवायला लागले. अमेरिकेत धर्मादाय संस्थांना दरवर्षी सरकारकडे एक विवरणपत्र भरावं लागतं, त्याला फॉर्म ९९० म्हणतात, आणि ते कुणीही मागून बघू शकतो. त्यांनी न्यू इराचं विवरणपत्र मागवलं. त्यात व्याजाचं उत्पन्न होतं सुमारे ३४ हजार डॉलर.

आता पेन घ्या. त्या सुमारास तिथे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांवर साधारण ३ टक्के व्याज मिळत होतं. ३४ हजार व्याज यायला मुद्दल किती लागेल? अकरा-साडेअकरा लाख. आणि न्यू इराकडे लोकांचे पैसे येत होते त्याच्या कितीतरी पट, महिनोन् महिने 'सुरक्षित ठेवलेले'. सुरक्षित ठेवले असते तर व्याज कुठे गेलं? म्हणजे पैसे थांबतच नव्हते. आज आलेले काल आलेल्याला 'दुप्पट' म्हणून जात होते. एका ओळीचा हिशेब. कोपऱ्यावरच्या भिशीवाल्या बाईलाही समजेल असा.

मेयर यांनी हे कॉलेजच्या वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पैसे न्यू इराकडे जातच राहिले. कॉलेजला फायदा होत होता, आतापर्यंत एकदाही हप्ता चुकला नव्हता, आणि बेनेटसारख्या भल्या माणसावर बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकाने शंका घ्यावी हे बरं दिसत नव्हतं. 'चार माणसांत बोलू नकोस हो हे.' हे वाक्य इंग्रजीतही असणार.

पण ते गप्प बसले नाहीत, आणि इथे माझी मान खाली जाते. त्यांनी दीड-दोन वर्षं चिकाटीने कागद जमवले आणि शेवटी सगळी फाइल सरकारी यंत्रणांकडे आणि वर्तमानपत्राकडे पोहोचवली. मे १९९५ मध्ये न्यू इरा कोसळली. बेनेटने आपल्याच कर्मचाऱ्यांपुढे कबूल केलं, की ते निनावी दाते कधी नव्हतेच. एकही नाही. एकूण ३५ कोटी ४० लाख डॉलर गोळा झाले होते, त्यातले सुमारे साडेतेरा कोटी बुडाले. १९९७ मध्ये बेनेटला १२ वर्षांची शिक्षा झाली.

आयोनाच्या सिस्टर आणि हा बेनेट यांत फरक आहे, हे मला कळतं. एक आतल्या, एक बाहेरचा. एकीने घेतलं आणि गमावलं, दुसऱ्याने फिरवलं आणि त्यात स्वतःचंही भागवलं. पण दोन्हीकडे खुर्चीवर बसलेल्या भल्या लोकांचं उत्तर एकच होतं: ते तसे नाहीत.

आणि आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग. तो वर्तमानपत्रांत फार गाजला नाही.

न्यू इरा बुडाली तेव्हा काही संस्थांचे पैसे अडकले होते, तर काही संस्था आधीच दुप्पट घेऊन बाहेर पडल्या होत्या. ज्यांना नफा झाला त्यांनी काय करावं? त्यांनी चोरी केली नव्हती. प्रामाणिकपणे पैसे ठेवले, प्रामाणिकपणे दुप्पट घेतले, त्यातून वर्गखोल्या बांधल्या, गरिबांना जेवण घातलं. पण तो नफा म्हणजे आकाशातून पडलेलं दान नव्हतं. तो दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजचा, दुसऱ्या कुठल्या तरी अनाथाश्रमाचा पैसा होता. ख्रिस्ती संस्थांनी एकत्र येऊन एक मंडळ केलं आणि ठरवलं की ज्याला जास्त मिळालं त्याने परत आणून द्यायचं. सगळ्यांनीच आनंदाने दिलं असं नाही, पण बऱ्याच संस्थांनी कोर्टाने मानेवर सुरी ठेवायच्या आधीच दिलं. ज्यांचे बुडाले होते त्यांना आपल्या रकमेचा मोठा भाग परत मिळाला.

आपल्या अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाठशाळेत आपण पाठ केलेले आहेत. त्यात चोरीने आणलेला माल घेणं हाही एक. लहानपणी मला वाटायचं, हे दागिने विकत घेणाऱ्या सोनारांसाठी सांगितलं असावं. एखाद्या कॉलेजने नकळत घेतलेला नफा, कळल्यावर मोजून परत करायचा, हे मी दुसऱ्या धर्माच्या लोकांकडून शिकले. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

बोर्डिंगमधल्या त्या दोन मुलांची फी कुणी परत आणून दिली नाही. आमच्या घरातूनही नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रात्री मला झोप लागेना. आमच्या महिला मंडळाची खजिनदार अकरा वर्षं मीच होते. आहारदानाचा निधी, सहलीची वर्गणी, पाठशाळेच्या मुलांच्या खाऊचे पैसे, सगळं माझ्या कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. चेकवर दोघींची सही हवी, असं नियमात लिहिलेलं. पण अध्यक्षबाई कोऱ्या चेकबुकावर सही करून ठेवायच्या, 'तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा, वहिनी' म्हणून. अकरा वर्षांत एकीनेही मला पासबुक दाखवा म्हटलं नाही. मी काही केलं नाही, हे मला माहीत आहे. पण मी काही केलं नाही हे फक्त मलाच माहीत असावं, हे काही बरं नाही.

मागच्या महिन्यात मी दोन तरुण सुनांना घरी बोलावलं. एकीने सी.ए.ची इंटर केलीय, दुसरी बँकेत आहे. डबा, वह्या, पासबुकं, बिलं सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. दोघी आधी संकोचल्या. "काकू, तुमचं काय तपासायचं?" मी म्हटलं, चहा होईपर्यंत बिलांचे नंबर ओळीने लागताहेत का ते बघा. मग रमल्या. तीन दुपारी बसलो. पोहे झाले, धपाटे झाले. दोन ठिकाणी बेरीज चुकलेली निघाली, एका सहलीच्या बसचं बिलच नव्हतं, ते बसवाल्याकडून मागवलं.

सगळं जुळलं, फक्त २०१६ सालचे ७४० रुपये जुळत नाहीत. वहीत खर्च टाकलाय, पुढे काही लिहिलेलं नाही, अक्षर माझंच. कशाचे, मला अजिबात आठवत नाही. मी म्हटलं, मी भरून टाकते. तर बँकेतली म्हणाली, "नाही काकू, आधी शोधूया. भरून टाकलं की शोधायचं राहून जातं."

शनिवारी पुन्हा बसणार आहोत.